थंडीत गाडी नुसती चालू ठेवून गिअरबॉक्स गरम होत नाही

संपादक साहेब, नमस्कार

तुमच्या पुरवणीतला थंडीत गाडीची काळजी कशी घ्यायची हा लेख वाचला. बॅटरी, कूलंट, वायपर, टायरची हवा सगळं नीट आलंय, पण शेवटी "निघण्याआधी पंधरा मिनिटं गाडी चालू करून ठेवा" असं लिहिलंय त्यावर बोलायचंय. जिथे पारा शून्याच्या बराच खाली जातो तिथे ऑटोमॅटिक गाडीवाल्याला हा सल्ला फार कामाचा नाही, कारण त्यात गिअरबॉक्सचा विचारच केलेला नाही.

ऑटोमॅटिकमधलं ऑइल नुसतं वंगण नसतं हो. इंजिनची ताकद टॉर्क कन्व्हर्टरमधून, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्समधल्या जोडणीतून, तेच पुढे नेतं आणि आतले क्लच पण त्याच्याच प्रेशरवर दाबले जातात. हल्लीच्या पातळ ऑइलची व्हिस्कॉसिटी, म्हणजे घट्टपणा, 100 अंश सेल्सियसला साधारण 6 सेंटीस्टोक (घट्टपणाचं एकक) असते, 40 अंशाला 30 च्या आसपास, आणि उणे 40 ला तीच कित्येक हजारांवर जाते. आता असं घट्ट ऑइल व्हॉल्व्ह बॉडीच्या (ऑइल कुठे जायचं ते ठरवणाऱ्या भागाच्या) बारीक बारीक वाटांमधून क्लचपर्यंत पोचायचं म्हणजे वेळ लागणारच. तुम्ही डी (पुढे जायचा गिअर) टाकता, एक-दोन सेकंद काहीच होत नाही, माणूस वैतागून अॅक्सिलरेटर दाबतो, इंजिन वर चढतं आणि नेमका तेव्हाच क्लच भरून पकडतो, दणका बसतो. खरी झीज इथे होते. थंडी बिचारी उगाच बदनाम, नुकसान करतो तो आपला पाय. डी किंवा आर (रिव्हर्स) टाकल्यावर ब्रेकवर पाय ठेवून गिअर लागल्याचा हलका धक्का जाणवेपर्यंत थांबा, बस एवढंच.

आता चालू करून ठेवण्याचं. पी (पार्किंग) मध्ये उभ्या गाडीत गिअरबॉक्सचा ऑइल पंप फिरतो, थोडं ऑइल घुसळलं जातं, पण लोड नसतो, त्यामुळे उष्णता तयार होते ती नावाला. ज्या गाड्यांत कूलंटमधून गिअरबॉक्सला गरमी मिळते तिथेही आधी कूलंट तापायला हवं आणि उभ्या गाडीचं इंजिनच मुळात हळू तापतं, म्हणजे पेट्रोल जळतंय आणि गिअरबॉक्स तसाच गार. एखादं मिनिट थांबून, काचा साफ करून सावकाश निघावं आणि पहिले काही किलोमीटर जोर देऊ नये, त्याने गिअरबॉक्स लवकर तापतो. तेवढ्या वेळात गिअर उशिरा बदलतात, इंजिन जास्त आरपीएमवर ओरडतं, लॉकअप (टॉर्क कन्व्हर्टर थेट जोडणारा क्लच) लागत नाही, लोक घाबरून गॅरेज गाठतात. पण तो बिघाड नाही, ऑइल थंड आहे हे सेन्सरवरून कळल्यामुळे कंप्युटर मुद्दाम तसं करतो. अर्धा तास चालवूनही झटके थांबले नाहीत तर मात्र दाखवा, आणि डी लागायला रोज जास्तच वेळ लागायला लागला तरी दाखवा. जुन्या गाडीचे रबर सील थंडीत कडक होऊन सकाळी खाली लालसर थेंब दिसतात आणि गाडी गरम झाली की गळती थांबते, त्याला "आपोआप बरं झालं" समजू नका.

लेखात ऑइलची लेव्हल तपासा असं पण म्हटलंय, कशी ते नाही! ऑइल थंडीत आकसतं, गार गाडीत ऑइल मोजायची काडी बुडवून कमी दिसलं म्हणून वर ओतलं तर गरम झाल्यावर ते जास्त होतं, फेस येतो आणि प्रेशर जातं. कंपनीने मॅन्युअलमध्ये जे तापमान दिलंय त्यालाच बघायचं. बऱ्याच नव्या गाड्यांना तर काडीच नसते, तिथे प्रश्नच मिटला.

आणि बर्फात गाडी रुतली तर लोक डी-आर डी-आर करत चाकं गरागरा फिरवतात, बाहेर उणे वीस असलं तरी आत ऑइल तापून क्लच जळू शकतात. अशा वेळी फावडं काढा. टो करायची वेळ आलीच तर इंजिन ज्या चाकांना फिरवतं ती जमिनीवर ठेवून ओढू नका, इंजिन बंद असलं की पंप बंद आणि आत वंगण पोचत नाही. पुढच्या भागात हे छापलंत तर बरं होईल.

आपला,
एक नियमित वाचक