भंगारातला रणगाडा अन् नळदुर्गचा पूल

प्रति, मा. संपादक साहेब, सप्रेम नमस्कार.

मी उमरग्यात मेडिकल चालवतो, तुमचा पेपर रोज सकाळी दुकान उघडलं की आधी वाचतो. पत्र पहिल्यांदाच लिहायलोय. विषय म्हणलं तर लहान आहे, माझ्या पुतण्यानं घरातल्या भंगारातून एक रणगाडा बनवलाय, तळहातावर मावतो एवढा. पण त्याच्यावरून जे झालं ते मनाला लागलं म्हणून लिहितो.

पोरगं नववीत आहे. 1948 ची पोलीस ॲक्शन, म्हणजे निजामाचं हैदराबाद संस्थान भारतात आणायला आपल्या लष्करानं केलेली कारवाई, आमच्या घरात लई बोलली जाते, कारण सोलापूरकडून निघालेली फौज 13 सप्टेंबरला सकाळी नळदुर्गला बोरी नदीचा पूल शाबूत ताब्यात घेऊन पुढं आली अन् त्याच दिवशी दुपारी आमच्या उमरग्यापर्यंत पोचली. आमचे आजोबा तवा दहा-अकरा वर्षांचे होते, जमीन हादरायली होती एवढंच ते सांगायचे आणि गप्प बसायचे. तर या पोरानं ठरवलं की ती सकाळ टेबलावर मांडायची, म्हणजे नदी, पूल, रस्ता, गाड्या, आणि फासे टाकून, पट्टीनं मोजून चाल करायची. असे खेळ जगात लई जुने आहेत, प्रशियाच्या, म्हणजे जुन्या एका जर्मन राज्याच्या, सैन्यात तर 1824 पासून अधिकाऱ्यांना शिकवायला नकाशावर ठोकळे मांडून हेच चालायचं.

आता या खेळाला गाड्या पाहिजेत. मोहिमेत आपल्या लष्कराकडं शर्मन रणगाडे होते, स्टुअर्ट नावाचे हलके रणगाडेही होते. पुण्याहून पाहुण्यांनी आणलेलं शर्मनचं एक किट, म्हणजे प्लास्टिकचे तुकडे जोडून करायचं मॉडेल, घरात होतं, त्यातले उरलेले तुकडे डब्यात पडून होते. दुसरं किट घ्यायचं म्हणजे हजार-दोन हजाराची गोष्ट. मग म्हणलं स्टुअर्ट घरीच बनवू.

पहिलं काम गणिताचं निघालं. खेळातला माणूस 28 मिलिमीटरचा, म्हणजे प्रमाण साधारण 1/56, खऱ्याचा छप्पन्नावा भाग. खरा स्टुअर्ट साडेचार मीटर लांब अन् सव्वादोन मीटर रुंद, भागाकार केला की 8 सेंटिमीटर आणि 4 सेंटिमीटर. पोरानं हे वहीच्या मागच्या पानावर स्वतः केलं, तीन वेळा चुकलं, चौथ्यांदा बरोबर आलं. गुणोत्तर-प्रमाणात याला परीक्षेत कधी धड मार्क पडले नव्हते, बगा.

बॉडी सनबोर्डची, म्हणजे जाहिरातीच्या पाट्यांना वापरतात त्या हलक्या फोमच्या बोर्डाची. फ्लेक्सवाल्याकडं 3 मिलीच्या सनबोर्डच्या कातरणी ढीगभर पडलेल्या असतात, मागितल्या की देतो. स्टीलची पट्टी धरून कटरनं हलक्या हातानं तीन-चारदा ओढायचं, एकदाच जोर लावला की कड फाटते. वरचा पातळ पत्रा म्हणून बंद पडलेलं एटीएम कार्ड, ते पाऊण मिलीचं असतंय आणि कडक.

चाकांनी मात्र चार दिवस खाल्ले. स्टुअर्टला एका बाजूला चार चाकं, दोन-दोनच्या जोडीत, आणि मागं एक मोठं चाक जे जमिनीलाच टेकलेलं असतं, शर्मनला तसं नसतं, तिथं सहा चाकं तीन जोड्यात. हा फरक फोटो बघून पोरानंच हेरला. लहान चाक आपल्या मापात 9 मिलिमीटर येतं, ते सापडलं कुठं तर त्याच्याच जुन्या शाळेच्या शर्टाच्या कॉलरच्या बटणात. मोठ्या चाकाला 13 मिलिमीटर पाहिजे होते, तर माझ्या दुकानात इंजेक्शनच्या लहान व्हायलवर, म्हणजे औषधाच्या बाटलीवर, जे प्लास्टिकचं रंगीत टोपण असतं ते नेमकं तेवढंच. वीस वर्षं ती टोपणं मी कचऱ्यात टाकली. पट्ट्यासाठी त्याच्या आईच्या फाटक्या पर्सची 5 नंबरची चेन, दातांचा भाग तेवढा ठेवला, कापड कापून टाकलं, चाकांवरून गुंडाळल्यावर जे रूप आलं ते बघून मी दुकान सोडून आत जाऊन बसलो, गिऱ्हाईक हाका मारायलं होतं.

वरच्या टरेटला, म्हणजे तोफ बसवलेल्या फिरत्या भागाला, 60 मिलीलिटरच्या सिरपचं टोपण, त्याला भोवती कार्डाचे चौकोनी तुकडे चिकटवून कडा आणल्या. तोफेला 18 नंबरची सुई, गुलाबी मागची असते ती, एक्सपायर झालेल्या पाकिटातली, नवीच, कुणाला न लागलेली. तिचं टोक मी स्वतः कानशीनं घासून बोथट केलं, ते काम पोराच्या हातात दिलं नाही आणि कुणी देऊही नये. खरी तोफ 37 मिलिमीटरची, या प्रमाणात भोक पाऊण मिलीच्याही आतलं येतं, सुईचं भोकही साधारण तेवढंच. हेडलाईटला टिकलीचा खडा. किटच्या डब्यातून मशीनगन, झाकण, ओढायचे हूक आणि फावडं घेतलं, किट 1/48 चं असल्यानं फावडं जरा मोठं दिसतं पण चालतंय. अँटेनासाठी किटच्या फ्रेमची काडी मेणबत्तीवर धरून मऊ झाली की दोन्हीकडून ओढायची, पाकाची तार निघते तशी केसाएवढी तार निघते. मागं बांधलेली ताडपत्री म्हणजे टिश्यू पेपर पाणी घातलेल्या फेव्हिकॉलमध्ये बुडवून गुंडाळलेला.

रंग लावून पोरानं त्याच्यावर पिवळी धूळ उडवली, फोटोत असते तशी. माझी आई बघून म्हणाली, आरं सप्टेंबरात धूळ कुठली, पावसाळ्यात आपल्या काळ्या रानात पाय उचलत नाही. मग शेतातली माती वाळवून चहाच्या गाळणीनं गाळली, फेव्हिकॉलमध्ये कालवली आणि चाकांना लावली. तिथून पुढं तो रणगाडा आमच्याकडचा झाला.

संपादक साहेब, हे सगळं घेऊन पोरगं एका प्रदर्शनात गेलं. प्रदर्शनाचं नाव घेत नाही, कुणाला खाली बघायला लावायचं नाही मला. परीक्षकांनी विचारलं, हे रेडी कुठून घेतलं? त्यानं सांगितलं बटणं, चेन, सुई. तर म्हणे हे खेळणं आहे, बाजूला ठेव. आणि नंबर आला स्टेशनरीच्या दुकानातून विकत आणलेल्या थर्माकोलच्या तयार मॉडेलला, ज्याच्या खाली किमतीचं स्टिकर तसंच होतं. पोरगं घरी येऊन जेवलं नाही. मला त्या दुसऱ्या मुलाचा राग नाही, त्याच्या आईबापालाही तेच बरोबर वाटत असणार, सगळीकडं तसंच चाललंय. पण हातानं केलेल्या वस्तूला खेळणं म्हणून बाजूला सारायचं आणि विकतच्या वस्तूला बक्षीस द्यायचं, हे मला पटत नाही आणि पटणारही नाही.

कुणी म्हणेल पोरांना लढाया काय शिकवता. हा प्रश्न मी पण स्वतःला विचारला. त्या दिवसांत आमच्या भागात सगळ्याच समाजातल्या माणसांनी लई सोसलंय, घरोघरी त्याच्या आठवणी आहेत, त्यावर फासे टाकायचे नसतात. म्हणून आम्ही टेबलावर गावं, घरं, माणसांच्या वस्त्या मांडत नाही. पूल, रस्ता आणि गाड्या, बस. पण एक सांगतो, पूल शाबूत हातात येणं एवढं का महत्त्वाचं होतं हे त्याला पुस्तकातल्या ओळीनं कळलं नव्हतं. पहिल्याच खेळात फासा उलटा पडला, पूल उडाला, आणि याचा रणगाडा नदीच्या अलीकडं सहा डाव नुसता उभा राहिला. त्या रात्री तो मला विचारायला आला की काका, खरंच पूल गेला असता तर उमरग्याला त्याच दिवशी कसे पोचले असते?

माझी मागणी दोनच गोष्टींची आहे. तुमच्या मुलांच्या पुरवणीत आठवड्याला एक फोटो छापा, मुलानं स्वतःच्या हातानं बनवलेल्या वस्तूचा, खाली काय काय वापरलं ते दोन ओळीत. आणि 17 सप्टेंबरला, मुक्तिसंग्राम दिनाचं झेंडावंदन झालं की मराठवाड्यातल्या ज्या वाचनालयांना जमेल त्यांनी एक टेबल मोकळं ठेवावं, पोरांना आपापल्या गावाजवळची ठिकाणं मांडू द्यावीत. खर्च काही नाही. उमरग्यातल्या कुणाला चाकं पाहिजे असतील तर व्हायलची टोपणं मी आता बरणीत जमा करायलोय, येऊन घेऊन जावीत.

आमचा स्वतःचा पूल मात्र अजून व्हायचाय. पहिला थर्माकोलचा केला होता, त्याच्यावर स्प्रेचा रंग मारला आणि डोळ्यादेखत विरघळून खड्डे पडले, स्प्रेमधलं सॉल्व्हंट थर्माकोल खातं हे माहीत नव्हतं. आधी फेव्हिकॉलचे दोन हात द्यायला पाहिजे होते. आता सनबोर्डचा करायलोय, दगडांच्या रेषा बॉलपेननं दाबून काढायच्या, तीन कमानी झाल्यात.

आपला नेहमीचा वाचक,
एक मेडिकलवाला, उमरगा, जि. धाराशिव