यॉर्कला काका-काकू जेवतील कुठे

लीड्स, रविवार

ती. आई आणि ती. बाबा यांना शि. सा. नमस्कार.

फोन मध्येच तुटला आणि नंतर माझी नाइट लागली, म्हणून सविस्तर लिहिते आहे. मेसेज केला की आई, तू अर्धा वाचतेस आणि उरलेल्याची काळजी करत बसतेस. मी बरी आहे. डब्यात भाजी-पोळी असते, झोप होते, वजन उतरलेलं नाही. व्हिडिओ कॉलवर तोंड बारीक दिसतं ते वॉर्डातल्या दिव्यांमुळे.

आता नानाकाका आणि काकूंच्या यॉर्कच्या फेरीचं. लंडनच्या किंग्ज क्रॉसवरून यॉर्कला थेट गाडी आहे, साधारण दोन तास लागतात. इकडून मला अर्धा तास पुरतो, त्यामुळे त्यांच्या आधी मीच फलाटावर असेन. तिकीट आधी काढलं तर परवडतं, आयत्या वेळी काढलं तर डोळे पांढरे होतात. पण ते स्वस्त तिकीट त्याच एका गाडीचं असतं, ती चुकली की पैसे गेले. काकूंना आवरायला किती वेळ लागतो हे तुला ठाऊक आहे, तेव्हा हे त्यांच्या कानावर तूच घाल.

बाबा, स्टेशन तुम्हाला आवडेल. १८७७ सालचं आहे, आणि सगळं वळणावर, त्यामुळे डोक्यावरचं लोखंडी कमानींचं छप्परही रुळांबरोबर वळत जातं. मागच्या बाजूला नॅशनल रेल्वे म्युझियम, प्रवेश फुकट. तिथे ‘मॅलार्ड’ इंजिन उभं आहे. १९३८ साली ते ताशी १२६ मैलांनी धावलं, म्हणजे दोनशे किलोमीटरच्या वर, आणि वाफेच्या इंजिनाचा तो विक्रम अजून कुणी मोडलेला नाही. तुम्ही आला असतात तर मिरज यार्डातल्या गोष्टी ऐकत मी तिथेच संध्याकाळ केली असती. तुमच्या व्हिसाचं पुढच्या वर्षी नक्की करू, मी विसरलेले नाही.

काकूंचा प्रश्न अंड्याचा. इथे हिरवी खूण किंवा ‘व्ही’ दिसला म्हणजे मांस-मासे नाहीत एवढंच, अंडं असू शकतं. ‘व्हीगन’ मागितलं तर अंडं जातं, पण दूध-तूपही जातं. त्यापेक्षा सरळ ऍलर्जीची यादी मागायची. चौदा पदार्थांची माहिती देणं हॉटेलांना कायद्यानं बंधनकारक आहे, त्यात अंडं येतं. ‘ऍलर्जी नाही, आमच्यात चालत नाही’ असं मी सांगते, कुणी वाकडं तोंड करत नाही. यॉर्कशायर पुडिंग नावाची फुगलेली वाटी सगळीकडे दिसेल, ती अंड्याचीच असते. काकूंसाठी सालीसकट भाजलेला मोठा बटाटा, मधोमध चिरून आत लोणी, चीज आणि बीन्स. साधं असतं पण पोट भरतं, आणि बहुतेक कॅफेंत मिळतं.

एक मात्र त्यांना बजावून सांग. फिश अँड चिप्सच्या दुकानातले नुसते चिप्स, ‘बटाटाच तर आहे’ म्हणून खायचे नाहीत. या भागातली पुष्कळ दुकानं अजून गाईच्या चरबीत तळतात. तेलात तळणारीही असतात, पण आधी विचारायचं. मी विचारेन, तू नको घाबरूस.

चहाला बेटीज. हे इथलं नावाजलेलं दुकान, १९१९ साली हॅरोगेटला एका स्विस माणसानं काढलं. पुढे ‘क्वीन मेरी’ जहाजावरून प्रवास करून आल्यावर त्या जहाजाच्या थाटावर त्यानं यॉर्कचं दुकान सजवून घेतलं. बाहेर पावसातसुद्धा रांग असते. तीन मजली ताटलीत सँडविच, स्कोन आणि केक येतात त्याचे माणशी चार हजार रुपयांच्या वर होतात, हे काकांना आधी सांगू नकोस. आपण नुसता चहा आणि एखादा स्कोन घेऊ, तेवढं मी करीन. तळघरात एक आरसा आहे, त्यावर दुसऱ्या महायुद्धातल्या वैमानिकांनी आपापली नावं कोरलेली आहेत. ती वाचायला पैसे पडत नाहीत.

काकांना पब बघायचाच आहे, आणि तू ‘पब’ ऐकून गप्प झालीस ते मला फोनवर कळलं. अगं, ती आपल्याकडची परमिट रूम नव्हे. म्हातारी माणसं, लेकुरवाळ्या बायका, टेबलाखाली कुत्री, सगळी दुपारी जेवायला येतात. मी लिंबाचं सरबत घालून सोडा घेते. फक्त तिथली रीत समजून घ्यावी लागते. आत गेलं की कुणी ‘या, बसा’ म्हणत नाही. आपणच टेबल धरायचं. बसून राहिलं तर कुणीही विचारायला येत नाही, तास गेला तरी नाही. टेबलाच्या कडेला छोटा पितळी बिल्ला असतो, त्यावरचा नंबर लक्षात ठेवून काउंटरवर जायचं, काय हवं ते सांगायचं आणि पैसे आधी द्यायचे. काउंटरवर रांग नसते, सगळे आडवे उभे असतात, तरी कोण कुणाच्या आधी आलं हे प्रत्येकाला पाठ असतं. काउंटरवाल्यानं चुकून पलीकडच्याला आधी विचारलं तर तोच आपल्याकडे बोट करतो, ‘यांचा नंबर आधी.’ हात वर करायचा नाही, नोट हलवायची नाही, ‘हॅलो’ म्हणायचं नाही, नुसतं नजरेला पडेल असं उभं राहायचं. मग जेवण मात्र टेबलावर येतं. काटे-चमचे आणि सॉस बहुतेक ठिकाणी कोपऱ्यातून आपणच आणायचे. आणि दुपारचं स्वयंपाकघर बऱ्याच पबांत मधल्या वेळात बंद होतं, तेव्हा म्युझियममधून काकांना वेळेत ओढून आणायचं काम काकूंचं.

नदीकाठच्या किंग्ज आर्म्समध्ये नेईन. ऊज नदी वाढली की पाणी थेट आत शिरतं, आणि कुठल्या साली कुठवर आलं होतं त्याच्या खुणा आत मांडून ठेवल्या आहेत. मी त्या पाहिल्या तेव्हा २०१९ साली सांगलीत आयर्विन पुलापाशी पाणी चढलं होतं ते आठवलं आणि चिप्स तसेच राहिले. इथले लोक पाणी ओसरलं की धुऊन-पुसून पुन्हा बिअर ओततात.

शँबल्सची अरुंद गल्ली दाखवीन, वरची घरं एकमेकांकडे झुकलेली आहेत. ती पूर्वी खाटकांची होती आणि हुक अजून भिंतीला आहेत, ते काकूंना मी सांगणार नाही, तूही सांगू नकोस. मुलांना न्यायला किटकॅट घेऊ. तो मूळचा यॉर्कचाच, १९३५ साली राउंट्रीच्या कारखान्यात निघालेला.

बाकी, दादाच्या साखरपुड्याला रजा मिळाली नाही. मी दोनदा अर्ज केला, पण उन्हाळ्यात मुलं असलेल्यांना आधी देतात आणि मी एकटी. दादाला राग आला असेल तर येऊ दे, लग्नाला मी येणारच. हॉलच्या ऍडव्हान्ससाठी एक लाख टाकलेत, बाबांनी बँकेत बघावं. तेवढेच पुढच्या महिन्यात. ओव्हरटाइम केला म्हणून काळजी नको, सगळ्याच करतात. बाबा, त्या पुढच्या पैशांतून तुमच्या दाढेचं करून घ्या, ते पैसे हॉलला घालू नका.

इस्लामपूरचं स्थळ म्हणशील तर पत्रिका जुळली एवढ्यावर त्यांना काही कळवू नकोस. मुलाचा नंबर पाठव, मी स्वतः बोलेन. बोलेन म्हटलं आहे, आत्याला लगेच फोन करू नकोस.

तुमची,
माई

ता. क. काकूंबरोबर मेतकूट दे, अर्धा किलो. लोणचं नको, मागच्या वेळी बॅगेत सांडलं होतं. आणि साखरपुड्याचे फोटो त्याच दिवशी पाठवा, माझी दुपारची ड्युटी आहे, ब्रेकमध्ये बघेन.