पंख्याचा आवाज घालवताना

महोदय,

पावसाळ्यात किनारपट्टीच्या खाऱ्या, दमट हवेत धूळ पात्यांवर चिकटून बसते, बुशमधले, म्हणजे पंख्याचा दांडा ज्यात फिरतो त्या नळीतले, तेल आटलेले असते आणि संगणकाच्या पॉवर सप्लायचा (वीज पुरवणाऱ्या पेटीचा) पंखा घरघरू लागतो. मग कुणीतरी सुचवतो: पंख्याची काळी तार पॉवर सप्लायच्या ५ व्होल्टच्या लाल तारेला जोडा, १२ ऐवजी ७ व्होल्ट मिळतील. आवाज घटतो खरा, पण हवाही घटते. अनेक पॉवर सप्लायमध्ये थर्मिस्टर तापमान पाहून पंख्याचा वेग ठरवतो. तो डावलला की कपॅसिटर (वीज साठवणारे भाग) तापतात. तापमान १० अंशांनी वाढले की त्यांचे आयुष्य साधारण निम्मे होते. जुना पंखा तर ७ व्होल्टवर कधी कधी सुरूच होत नाही!

त्यापेक्षा प्लग काढून बाहेरूनच मऊ ब्रशने जाळी साफ करावी. ब्लोअर मारताना पाते काडीने अडवावे, नाहीतर ते बेफाम फिरून बेअरिंग बिघडते. खोबरेल घालू नये, ते चिकटते. शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब पुरतो, मात्र त्यासाठी पेटी उघडावी लागते आणि प्लग काढल्यावरही मुख्य कपॅसिटरमध्ये सुमारे ३२५ व्होल्ट डीसी राहू शकतात. हे काम जाणकारानेच करावे. नवा पंखा त्याच आकाराचा, १२ व्होल्टचा, तेवढ्याच अँपिअरचा घ्यावा. बसवताना हवेच्या दिशेचा बाण पाहावा. उलटा बसला तर गरम हवा कॅबिनेटमध्येच फिरते.

आणि संगणक भिंतीला चिकटवू नका, मागे वीतभर जागा सोडा.

– एक संगणक दुरुस्तीकार, फोंडा