अंगणवाडीतली लहान-मोठी मुले एकत्रच राहू द्या : महिला व बालविकास मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय महिला व बालविकास मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : मराठवाड्यातील अंगणवाड्यांत ३ ते ६ वर्षांच्या मुलांचा एकत्र वर्ग कायम ठेवण्याबाबत.

महोदया,

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने ३ ते ८ हे वय पायाभूत स्तर म्हणून एकत्र बांधले आणि २०२२ मध्ये या स्तराचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा आला. तेव्हापासून अंगणवाडीकडे केवळ खाऊ वाटण्याची जागा म्हणून न पाहता शिकण्याची जागा म्हणून पाहिले जाऊ लागले, याचे आम्हा बालशिक्षिकांना समाधान आहे. मात्र त्याचबरोबर अंगणवाडीतल्या ३ ते ६ या तीन वर्षांचे बालवाटिका १, २ आणि ३ असे भाग पाडून प्रत्येक भागाला वेगळे पुस्तक आणि वेगळा आठवड्याचा पाठ देण्याकडे कल वाढतो आहे. कागदावर ही विभागणी सोयीची असेल. बीड जिल्ह्यातल्या धारूर, वडवणी, पाटोदा या तालुक्यांतल्या एका खोलीच्या, एक सेविका आणि एक मदतनीस असलेल्या अंगणवाडीत ती मुलांच्या हिताची नाही, आणि का नाही हे माँटेसरी पद्धतीने, म्हणजे मूल साहित्य हाताळत आपापल्या गतीने शिकते त्या पद्धतीने, बालवाडी चालवणारी शिक्षिका म्हणून मी आपल्यापुढे मांडू इच्छिते.

माँटेसरी म्हटले की शहरातली महागडी शाळा डोळ्यांसमोर येते. त्यात लोकांचा दोष नाही. या नावाची पाटी लावून मुलांना बाकांवर बसवायचे आणि एबीसीडी गिरवून घ्यायची, असे वर्ग आता तालुक्याच्या गावीही निघाले आहेत. डॉ. मारिया माँटेसरी यांनी ६ जानेवारी १९०७ रोजी रोममधल्या सान लोरेन्झो वस्तीत पहिले बालगृह उघडले ते कष्टकरी आईबापांच्या मुलांसाठी, जी आईबाप कामावर गेल्यावर दिवसभर मोकाट असत. आपल्याकडे बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक यांनी गुजरातचे शिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेका यांच्याबरोबर भावनगरला या पद्धतीचे काम केले, १९४५ मध्ये आताच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचा प्रयोग सुरू केला आणि १९५७ मध्ये सहकारी अनुताई वाघ यांच्यासह तो कोसबाडला नेला. विकतच्या साहित्याची जागा तिथे बिया, खडे आणि शिंपल्यांनी घेतली, आणि मुले बालवाडीत येत नाहीत असे दिसले तेव्हा बालवाडीच आदिवासी पाड्यावरच्या अंगणात गेली. आपल्या खात्याच्या अंगणवाडीचे मूळ तिथे आहे, त्यामुळे माझी मागणी परकी नाही.

माँटेसरी वर्गात प्रत्येक साहित्याचा एकच संच असतो, आणि तो जाणूनबुजून. गुलाबी मनोऱ्याचे दहा ठोकळे, एक सेंटिमीटरपासून दहा सेंटिमीटरपर्यंतचे, दुसऱ्याच्या चटईवर मांडलेले असतील तर थांबावे लागते. त्या चटईवर पाय न देता वळसा घालून जावे लागते. आपले काम झाले की वस्तू जिथून घेतली तिथेच ठेवावी लागते, कारण कोणीतरी तिची वाट पाहत असते. ठोकळा चुकीच्या जागी बसला तर मनोराच तसे दाखवतो, ताईंनी रागवायची गरज राहत नाही. एकमेकांशी नीट वागा असे शंभरदा सांगून जे येत नाही, ते या रोजच्या छोट्या अडचणींतून येते.

आणि हे तिन्ही वयांची मुले एकत्र असल्याशिवाय घडत नाही. तीन वर्षांचे पोर पहिले काही आठवडे नुसते बघत असते. पाच वर्षांची मुलगी चमच्याने तूर एका वाटीतून दुसऱ्या वाटीत कशी काढते, सांडलेले दाणे कसे वेचते, हे बघता बघता एक दिवस ते स्वतः वाट्या उचलते. त्या मुलीलाही दुसऱ्याला दाखवताना आपले काम सावकाश आणि नीट करावे लागते. एकट्या सेविकेला प्रत्येक मुलाजवळ बसणे शक्य नाही; मोठी मुले हीच तिची खरी मदत असते, आणि तुकड्या पाडल्या की नेमकी हीच मदत तिच्या हातून जाते. पाच वर्षांच्या मुलांची पहिलीची तयारी मागे पडेल, अशी शंका अधिकारी घेतात. खरखरीत कागदाच्या अक्षरांवरून बोट फिरवणे, मण्यांनी दहा आणि शंभर मोजणे ही कामे त्यांच्यासाठी त्याच खोलीत, वरच्या फळीवर असतात. वेगळा वर्ग त्यासाठी लागत नाही.

मराठवाड्यापुरते याहून मोठे कारण आहे. दसरा-दिवाळीनंतर आमच्या भागातली कुटुंबे मुकादमाची उचल (मजुरीची आगाऊ रक्कम) घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊसतोडीला जातात, ती गुढीपाडव्याच्या सुमारास किंवा त्यानंतर परततात. लहान मुले बहुधा बरोबर असतात, कारण गावी सांभाळायला आजी असतेच असे नाही. आठवड्याच्या पाठावर चालणाऱ्या वर्गात असे मूल परतते तेव्हा इतर मुले बरीच पुढे गेलेली असतात आणि ते मागच्या रांगेत गप्प बसते. पुढे शाळेतही ते तिथेच बसते. ज्या वर्गात प्रत्येक जण आपापल्या कामावर असतो, तिथे ते दिवाळीला सोडलेले काम पुन्हा उचलते, आणि मधल्या काळात कोण किती पुढे गेले याचा हिशेब कोणी विचारत नाही. स्थलांतरित मुलांसाठी आपण योजना आखता, समित्या नेमता. वर्गाची ही साधी रचना त्यांत कुठेच दिसत नाही, याचे नवल वाटते.

बंजारा तांड्यावरून येणाऱ्या मुलांची घरची भाषा गोरमाटी ही बंजारा बोली असते, इतर काहींची दखनी उर्दू. माँटेसरी वर्गात साहित्य दाखवताना ताई कमीत कमी बोलतात. हात सावकाश चालतात आणि मूल हातांकडे पाहते. मराठी नंतर येते, पण तोवर मूल कामाविना राहत नाही.

तांब्यातून पाणी ओतणे हे या पद्धतीतले अगदी सुरुवातीचे काम. टँकरच्या गावात उन्हाळ्यात पाणी सांडणे परवडत नाही, म्हणून आम्ही तेव्हा ज्वारी वापरतो. पण जेवणाच्या वेळी पाणी वाढण्याची पाळी प्रत्येक मुलाला येते, आणि कोणाच्या हातचे पाणी कोण घेतो हा प्रश्न जिथे अजून पुरता मिटलेला नाही, तिथे या पाळीचे मोल मी वेगळे सांगायला नको. वयाच्या चौथ्या वर्षी कोणाला त्यात काही वावगे वाटत नाही. पालकांपैकी एखाद्याला वाटले, तर त्याला वर्गात येऊन बसायला सांगावे. आम्ही तेच करतो.

यासाठी मोठा खर्च नको आहे. बालवाटिकेचे टप्पे नोंदीत राहू द्यावेत, पण खोलीत मुले एकत्र बसतील असे स्पष्ट लेखी द्यावे आणि प्रगतीची नोंद तुकडीवार न ठेवता मुलागणिक ठेवावी. सकाळचे दोन तास सेविकेला मोबाइलवरची माहिती, सर्वेक्षण आणि बैठका यांतून मोकळीक असावी. मूल कामात रमले आणि ताईंना फोन आला, की तो दिवस बहुतेक वाया जातो. रंगीत प्लॅस्टिकच्या खेळण्यांचे संच पाठवण्याऐवजी गावच्या सुताराकडून मुलांच्या हाताला येतील अशा फळ्या करून घेण्याची आणि बाजारातून लहान तांबे, वाट्या, झाडू घेण्याची मुभा द्यावी. प्रशिक्षण सभागृहात पडद्यावर दाखवून होत नाही. सेविकेला चालत्या वर्गात काही दिवस नुसते बसून पाहू द्यावे, कारण या पद्धतीत न बोलता पाहणे हेच शिक्षिकेचे सर्वांत अवघड काम आहे.

गुढीपाडव्यानंतर ऊसतोडीहून मुले परतू लागतील. एकत्र वर्गाबाबतचे परिपत्रक त्याआधी बीड, जालना, परभणी, हिंगोली आणि धाराशिव या जिल्ह्यांतील प्रकल्प कार्यालयांपर्यंत पोहोचावे, ही विनंती.

आपली,
एक बालशिक्षिका
ता. धारूर, जि. बीड