वेळापत्रक नेमणुकीचेही हवे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रेल्वे भरतीचे वार्षिक वेळापत्रक २०२४ पासून लागू झाले, हे चांगलेच झाले. मात्र कोणत्या तिमाहीत कोणत्या पदांची जाहिरात निघणार एवढेच त्यातून कळते. निवड झालेला उमेदवार रुजू कधी होणार याचा त्यात उल्लेख नसतो, आणि मराठवाड्यातील मुलांचे घोडे अडते ते नेमके तिथेच.

‘ग्रुप डी’च्या, म्हणजे रूळ देखभाल कर्मचारी, मदतनीस अशा सर्वांत खालच्या स्तरावरील पदांच्या, १,०३,७६९ जागांसाठी मार्च २०१९ मध्ये अर्ज घेतले गेले आणि परीक्षा सुरू झाली ती ऑगस्ट २०२२ मध्ये. करोनाचे कारण खरे असले, तरी टाळेबंदीपूर्वीचे अख्खे वर्ष कशात गेले, हे विचारावेसे वाटतेच. परभणी-लातूरच्या अभ्यासिकांत महिन्याचे भाडे भरून बसलेल्या कित्येकांचे वय या काळात निघून गेले. पुढे याच पदांची वयोमर्यादा ३३ वरून ३६ करण्यात आली खरी, पण ती सवलत एका वेळेपुरतीच होती.

जानेवारी २०२४ मध्ये सहायक लोको पायलटच्या (सहायक इंजिनचालकाच्या) ५,६९६ जागा जाहीर झाल्या आणि जूनमध्ये, कांचनजंगा एक्स्प्रेसच्या अपघातानंतर, त्या १८,७९९ करण्यात आल्या. तेरा हजारांहून अधिक पदे पाच-सहा महिन्यांत रिकामी झाली असतील, यावर कोण विश्वास ठेवील? पद रिक्त राहिले म्हणून काम थांबत नाही. हातोडा आणि पाना घेऊन रोज ठरलेल्या टप्प्यातील रूळ पायी तपासणाऱ्या की-मनच्या तुकडीत माणसे कमी असली, की तो भार उरलेल्यांवर नाहीतर कंत्राटी मजुरांवर पडतो.

त्यात प्रवेशपत्र हाती येते परीक्षेच्या अवघे चार दिवस आधी. केंद्र परराज्यात आले आणि सोयाबीन काढणीला आलेले असले, तर घरातले एक माणूस कामातून जाते. ५०० रुपये शुल्कापैकी ४०० रुपये परीक्षा दिल्यावर परत मिळतात. मुक्कामाचा खर्च आणि बुडालेली मजुरी मात्र ज्याची त्यालाच सोसावी लागते.

म्हणून परीक्षा, निकाल, कागदपत्र पडताळणी, वैद्यकीय तपासणी आणि नियुक्तिपत्र यांचे महिने जाहिरातीतच छापावेत, आणि ते टळल्यास जितका विलंब तितकी वयाची सवलत पुढील भरतीत आपोआप मिळेल, असा नियम रेल्वे मंडळाने करावा. आपल्या भागातील खासदारांनी नव्या गाड्या आणि थांब्यांसोबत हा प्रश्नही लोकसभेत मांडावा, ही विनंती.

– एक पालक, परभणी