सोसायटीच्या डीव्हीआरचा पासवर्ड कोणाकडे आहे?

संपादक महोदय,

ठाण्यात घोडबंदर रोडला काय किंवा घणसोली-खारघरला काय, बहुतेक गृहनिर्माण सोसायट्यांत आता सीसीटीव्ही आहेत. कॅमेरे किती लावायचे, चित्रण किती दिवस ठेवायचे यावर सभेत तासभर वाद होतो. डीव्हीआरचा, म्हणजे कॅमेऱ्यांचे चित्रण साठवणाऱ्या यंत्राचा, पासवर्ड कोणाकडे आहे, हे मात्र कोणी विचारत नाही. तो बहुधा बसवणाऱ्याने पहिल्या दिवशी घातलेलाच असतो. समिती बदलते, सुरक्षारक्षकांची एजन्सी बदलते, पण जुन्यांच्या मोबाइलवर लिफ्टचे चित्र दिसतच राहते. लहान मुले आणि एकट्या स्त्रिया राहतात त्या इमारतीत हा हलगर्जीपणा अक्षम्य आहे.

डीव्हीआर हा इंटरनेटला जोडलेला छोटा संगणकच. २०१६ साली ‘मिराई’ नावाच्या घातक प्रोग्रामने जगभरातले लाखो डीव्हीआर, कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले, तेही केवळ साठेक फॅक्टरी पासवर्डांची यादी वापरून. तो उपकरणाच्या तात्पुरत्या मेमरीत राहतो, त्यामुळे वीज गेली की पुसला जातो. पण पासवर्ड तोच असेल, तर काही मिनिटांत परत शिरतो. तेव्हा ‘बंद करून चालू करा’ हा त्यावरचा इलाज नव्हे.

सुरुवात राउटरपासून करावी. ब्राउझरमध्ये इंग्रजी आकड्यांत १९२.१६८.१.१ टाइप करा. पान उघडले नाही, तर राउटरखालच्या स्टिकरवरचा पत्ता घाला. ॲडमिनचा पासवर्ड बदला, तो वायफायच्या पासवर्डपेक्षा वेगळा हवा. रिमोट मॅनेजमेंट, म्हणजे बाहेरून राउटरच्या सेटिंगमध्ये शिरण्याची सोय, बंद करा. पोर्ट फॉरवर्डिंगच्या, म्हणजे बाहेरून आतल्या उपकरणापर्यंत उघडलेल्या दारांच्या, यादीतून डीव्हीआरची नोंद काढा आणि उपकरणांना अशी दारे आपोआप उघडू देणारे यूपीएनपीही बंद करा, नाहीतर डीव्हीआर स्वतःच ते दार पुन्हा उघडून घेतो. मग डीव्हीआरचा पासवर्ड बदला, निदान बारा अक्षरांचा, आणि वापरकर्त्यांच्या यादीतली जुनी नावे एकेक करून काढा. मोबाइलवर चित्र दिसेनासे झाले, तर कंपनीच्या ॲपमध्ये प्रत्येक पदाधिकाऱ्याचे वेगळे खाते उघडा आणि त्याला फक्त पाहण्याची परवानगी द्या.

घरच्या राउटरवर डब्ल्यूपीएस, म्हणजे पासवर्डऐवजी बटण किंवा पिनने वायफाय जोडण्याची सोय, जरूर बंद ठेवा. त्याचा पिन आठ आकडी, म्हणजे दहा कोटी शक्यता, असे वाटते. प्रत्यक्षात शेवटचा आकडा पडताळणीचा असतो आणि उरलेले सात दोन भागांत, चार आणि तीन असे, तपासले जातात. पहिल्या भागाच्या १०,००० आणि दुसऱ्याच्या १,००० मिळून फक्त ११,००० शक्यता उरतात. वायफायचा पासवर्ड कितीही अवघड असला, तरी या वाटेने तो हाती लागू शकतो. आणखी एक: तक्रार दुरुस्त करायला आलेला तंत्रज्ञ राउटरच्या मागच्या बारीक भोकात टाचणी घालून दहा सेकंद दाबतो, तेव्हा तुम्ही केलेले सगळे बदल पुसले जातात. तो गेल्यावर पुन्हा तपासा.

सोसायटी ऑफिसचा संगणक डीव्हीआरच्याच वायफायवर नको. दोघांसाठी वेगवेगळी नेटवर्क करा. जून २०१७ मध्ये ‘नॉटपेट्या’ या घातक प्रोग्राममुळे उरणजवळच्या जेएनपीटी बंदरातल्या एका टर्मिनलचे काम ठप्प झाले होते. विंडोजच्या ज्या त्रुटीचा त्याने फायदा घेतला, तिचे अपडेट मार्चमध्येच आले होते. पण एका यंत्रावर सापडलेला ॲडमिनचा पासवर्ड वापरून तो अपडेट केलेल्या यंत्रांतही घुसत होता. म्हणून रोजचे काम साध्या खात्यातून करावे. विंडोज १० चे नेहमीचे मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ पासून थांबले आहेत, हेही हिशेबनिसांना सांगावे. मेंटेनन्सच्या हिशेबाची प्रत बाहेरच्या डिस्कवर घेतली की डिस्क काढून कपाटात ठेवावी. ती जोडलेली राहिली, तर खंडणीखोर प्रोग्राम तिच्यातल्या फायलीही कुलूपबंद करतो.

ऑनलाइन फसवणुकीत पैसे गेलेच, तर त्याच क्षणी १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करावा.

वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावीच लागते. त्या विषयपत्रिकेत सीसीटीव्हीच्या देखभाल कराराचा विषय घ्यावा आणि करारातच लिहून घ्यावे: पासवर्ड समितीच्या ताब्यात, बंद पाकिटात राहील, समिती किंवा एजन्सी बदलली की त्याच दिवशी तो बदलला जाईल, फर्मवेअर, म्हणजे उपकरणातले मूळ सॉफ्टवेअर, दर सहा महिन्यांनी तपासले जाईल. बिल चुकते करण्याआधी सचिवांनी नव्या पासवर्डने स्वतः लॉगिन करून पाहावे.

– एक वाचक, कोपरखैरणे, नवी मुंबई