यादीच्या पाठीमागचा नंबर

प्रिय ताई,
सप्रेम नमस्कार.

कॉलेजात एक वर्ष पुढे असलेल्या तुम्हाला माझी मुलगी ताई म्हणते, म्हणून मीही तसेच लिहितो आहे. "काका, मला अहोजाहो करू नका," असे तुम्ही त्या दिवशी दोनदा बजावले होते. पण २४ वर्षे जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरकी केलेल्या माणसाचा हात कागदावर 'तू' लिहायला धजत नाही, तेवढे चालवून घ्या. दिवाळीला लेक चार दिवस घरी आली होती. काल रात्री परभणी स्टेशनावर तिला देवगिरी एक्स्प्रेसमध्ये बसवून आलो आणि आज सकाळी हे पत्र लिहायला घेतले.

नीटचा निकाल लागला, मुंबईचे सरकारी वैद्यकीय महाविद्यालय मिळाले, पेढे वाटून झाले, आणि मग लक्षात आले की मुलीला मुंबईला पाठवायचे म्हणजे बरोबर नेमके काय काय द्यायचे, हे आमच्या घरात कोणालाच ठाऊक नाही. जात वैधता, नॉन-क्रिमिलेअर, अधिवास या कागदांची मला धास्ती नव्हती. शिक्षकाचे निम्मे आयुष्य कागदांतच जाते. पदवीनंतर एक वर्ष सरकारी सेवा करण्याच्या बंधपत्रावरही मी न डगमगता सही केली. अडलो ते बादली, गादी, पुस्तके आणि ॲप्रन यांच्यापाशी. जिल्ह्याच्या ठिकाणच्या एका मार्गदर्शकाने ७ हजार रुपये घेऊन ३१ वस्तूंची टंकलिखित यादी हातात ठेवली. तिच्याप्रमाणे खरेदी केली असती, तर ४० हजारांच्या घरात गेलो असतो. कल्याणच्या ज्या नातलगाने "मुंबईची काळजी सोडा" असे पेढा खाताना सांगितले होते, त्याचा फोन आम्ही गाडीत बसलो तेव्हापासून बंद लागत होता. आणि प्रवेशाच्या दिवशी खिडकीपलीकडच्या साहेबांनी "उद्या या" म्हणून सांगितले, पण उद्यापर्यंत ट्रंक आणि वळकटी घेऊन माणसाने मुंबईत कुठे थांबायचे, याविषयी त्यांना काही म्हणायचे नव्हते.

तुम्ही आम्हाला पायऱ्यांवर बसलेले पाहिलेत ते त्यानंतर. रात्रीची सोय कशी लावलीत, कोणाला फोन केलेत, तो सगळा तपशील इथे मांडत नाही, कारण तुम्हाला तो आवडणार नाही. यादीचे मात्र लिहिलेच पाहिजे. माझ्या खिशातले लाल पेन मागून घेऊन तुम्ही ती गुडघ्यावर ठेवलीत आणि एकेक ओळ खोडत गेलात. पॅथॉलॉजी आणि मेडिसिनची पुस्तके? "काका, पहिल्या वर्षी ॲनाटॉमी, फिजिऑलॉजी आणि बायोकेमिस्ट्री एवढंच असतं. बाकीची कपाटात धूळ खातील." महागडा स्टेथोस्कोप? साधा पुरतो. सहा ॲप्रन? पूर्ण बाह्यांचे दोन सुती पुरे. १७ वस्तू गेल्या आणि खाली तुमच्या अक्षरात तीन आल्या: मच्छरदाणी, कपडे वाळत घालायची दोरी आणि कपाटासाठी चांगले कुलूप. पोरांच्या वह्यांवर मी आयुष्यभर लाल रेघा मारत आलो, पण लाल रेघ पाहून जिवाला एवढा थंडावा मिळू शकतो, हे मला त्या दिवशी कळले.

तरीही हे पत्र त्या यादीसाठी नाही, तुम्ही कागद उलटा करून मागे जे लिहिलेत त्यासाठी आहे. "घरी काकू आहेत ना? त्यांना हा माझ्या आईचा नंबर द्या. मागच्या वर्षी तीही महिनाभर नीट झोपली नव्हती. त्यांचं त्या बोलतील."

माझी आई अंथरुणाला खिळलेली असल्याने मंडळींना मुंबईला येता आले नव्हते, हे मी तुम्हाला ओझरतेच सांगितले होते. त्या रात्री चिपळूणला तुमच्या आईंना फोन गेला आणि पाऊण तास चालला. वसतिगृहात रात्री पाणी असते का, पाळीच्या दिवसांत गरम पाण्याची पिशवी चालते का, मुलगी रडत असली तर फोनवर कसे ओळखायचे, असे किती तरी प्रश्न होते जे तिने मलाही विचारले नव्हते. मला विचारून उपयोगही नव्हता. शवविच्छेदनाच्या हॉलमध्ये चक्कर आली तर, या प्रश्नावर तुमच्या आई म्हणे हसल्या आणि तुमचेच उदाहरण दिले: पहिल्या दिवशी बाहेर येऊन बसलात, दुसऱ्या दिवशी आत गेलात, आणि आठवड्याभरात जेवता जेवता फोनवर तेच वर्णन करू लागलात, तेव्हा त्यांनाच ताट सरकवावे लागले. फोन ठेवल्यावर मंडळींनी दोन भाकरी खाल्ल्या. तीन दिवसांत तिचे धड जेवण झाले नव्हते, हे मला दुसऱ्या दिवशी शेजाऱ्यांकडून समजले.

"काही लागले तर सांगा" असे म्हणणारे पुष्कळ भेटले, मीही अनेकांना तसे म्हटले आहे. पण जी बाई शेकडो मैलांवर घरात बसून झुरते आहे, जिला तुम्ही कधी पाहिलेलेही नाही, तिचा विचार १९-२० वर्षांच्या मुलीच्या मनात यावा आणि तिने आपली आई तिच्या हवाली करावी, हे मला आजही नवलाचे वाटते.

तुम्ही दिलेल्या हाडांच्या अर्ध्या संचातले मांडीचे हाड लेकीने दिवाळीत अभ्यासाला आणले होते, तुमच्याच जुन्या ओढणीत गुंडाळून. आईने खाटेवरून विचारले, "कोणाचं गं हे?" लेक म्हणाली, "माहीत नाही आजी. पण ताईनं सांगितलंय, चुकून पाय लागला तर नमस्कार करायचा." आईने पडल्या पडल्याच हात जोडले.

चिपळूणहून आलेली आमसुले संपत आली आहेत. तूर निघाली की पाच किलो डाळ तुमच्या घरी पाठवणार आहोत. पत्ता तुमच्या आईंनीच दिला आहे, त्यामुळे नको म्हणायचा अधिकार आता तुमच्याकडे उरलेला नाही.

आपला,
तुमच्या ज्युनिअरचे वडील